मोटरसायकलचा सायलेन्सर, आवाज आणि कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन बाजूंनी येतात. एक बाजू विचारते, ‘कोणता पाइप लावला तर पकडणार नाहीत?’ दुसरी विचारते, ‘या कार्ट्याला पकडत का नाहीत?’ मी दोन्ही बाजूंना राहून आलोय. तीन वर्षं उघडा पाइप लावून फिरलो, मग कंपनीचा सायलेन्सर परत बसवला. त्यामुळे उत्तरं तटस्थ असतील असा दावा नाही.

आवाज ‘जास्त’ आहे हे ठरवतं कोण?

कायद्यापुरतं मीटर ठरवतं, आणि मीटर डेसिबलमध्ये बोलतं. हे एकक भल्याभल्यांना फसवतं, कारण ते बेरजेने नाही, गुणाकाराने चढतं. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. १० वाढले की ऊर्जा दहापट होते, पण कानाला मात्र आवाज साधारण दुप्पटच वाटतो.

आता हाच हिशोब गाड्यांत मांडा. एकसारख्या दोन गाड्या शेजारी उभ्या करून चालू केल्या, तर एका गाडीपेक्षा ३ डेसिबल जास्त भरतात. दहा गाड्या केल्या तर १० जास्त. शंभर केल्या तर २०. म्हणजे ७७ डेसिबलच्या गाडीच्या सायलेन्सरची आतली जाळी काढून कोणी ती ९७ वर नेली, तर त्या एका गाडीने शंभर साध्या गाड्यांएवढी ध्वनिऊर्जा रस्त्यावर ओतली. ‘माझ्या एकट्याच्या गाडीने काय फरक पडतो?’ या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं.

अंतराचंही असंच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल घटतात. म्हणून कोणी नुसता आकडा सांगितला, तर पहिलं विचारायचं, किती अंतरावरून मोजला? अर्ध्या मीटरवरचे ९५ आणि साडेसात मीटरवरचे ९५ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सायलेन्सरच्या आत असतं तरी काय?

सिलिंडरमध्ये स्फोट होतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि दाबलेला गरम वायू धडका देत बाहेर येतो. आपल्याला ऐकू येते ती या धडकांची माळ. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक गाडीत दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेऱ्या) सेकंदाला २५ धडका. हा इतका खालचा सूर आहे की तो कानापेक्षा छातीला आणि खिडकीच्या काचेला आधी कळतो. भिंती कर्कश सूर बऱ्यापैकी अडवतात. हा खर्ज मात्र त्यांना जुमानत नाही.

या धडका मवाळ करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात आत कप्पे, आडव्या पत्र्याच्या भिंती आणि छिद्रांच्या नळ्या असतात. लहर एका कप्प्यातून दुसऱ्यात आपटत जाते, परतून येणारी लहर पुढून येणाऱ्या लहरीला खाते. कंपनीचे बहुतेक सायलेन्सर असे असतात, म्हणून ते जड असतात. दुसऱ्यात मधून सरळसोट छिद्रांची नळी आणि भोवती ग्लास वूल, म्हणजे काचतंतूंची लोकर. आवाज त्या तंतूंमध्ये शिरतो आणि उष्णता होऊन विरतो. बाजारातले हलके पाइप बहुधा या जातीचे. त्यांच्या तोंडाशी एका स्क्रूवर बसवलेली छोटी पुंगळी असते, तिला डीबी किलर म्हणतात. वादाचं सगळं मूळ त्या एका स्क्रूत आहे.

मी माझ्या पाइपचे रिव्हेट ड्रिलने उडवून तो एकदा उघडला होता. नवा असताना आत पांढरी लोकर असते म्हणे. माझ्यात पेंड पडलेली काळी गुठळी होती, नळीला तळाशी चिकटलेली, आणि वरची निम्मी जागा रिकामी. पाइप ‘सुटला’, ‘मस्त खुलला’ असं मी वर्षभर लोकांना सांगत होतो. तो खुलला नव्हता, त्याचा कापूस जळाला होता.

सायलेन्सर ही काही नंतर सुचलेली शिस्तही नाही. अमेरिकेत इंडियानातल्या मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या भावांना इंजिनाच्या मफलरचं पेटंट १८९७ साली मिळालं. रस्त्यावर मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, तेव्हाच लोकांना त्यांचा आवाज नकोसा झाला होता.

कंपनीचा सायलेन्सर काढून दुसरा लावला की लगेच बेकायदा?

सरसकट नाही. बहुतेक देशांत कायदा दोन वेगळे प्रश्न विचारतो. गाडीचा आवाज मर्यादेत आहे का? आणि बसवलेला भाग मान्यताप्राप्त आहे का? युरोपात बदली सायलेन्सरवर मान्यतेचा शिक्का कोरलेला असावा लागतो, ‘ई’ अक्षर आणि देशाचा क्रमांक असलेला. जपानमध्ये एप्रिल २०१० नंतर बनलेल्या गाड्यांच्या बदली मफलरला तसंच प्रमाणपत्र लागतं. ब्रिटनमध्ये ‘रस्त्यावर वापरण्यासाठी नाही’ असं कोरलेला पाइप रस्त्यावर दिसला, तर मीटर काढायचीसुद्धा गरज पडत नाही.

विकणारा काय सांगतो यावर जाऊ नका. मला विकणाऱ्याने छातीठोकपणे ‘रोड लीगल’ सांगितलं होतं. पावतीवर मात्र बारीक अक्षरांत ‘फक्त ट्रॅकसाठी’ छापलं होतं. पावती मी वाचली दंड भरून घरी आल्यावर.

आणि डीबी किलर काढला की मान्यताही गेली, कारण ती त्या पुंगळीसकट मिळालेली असते. ‘खिशात आहे, आत्ता लावतो’ हे उत्तर प्रत्येक पोलिसाने ऐकलेलं आहे.

भारतात नेमका कोणता नियम लागतो?

एक नाही, तीन-चार एकत्र लागतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२० सांगतो की प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवा. आवाजाचे आकडे पर्यावरण संरक्षण नियमांतून येतात. १ एप्रिल २००५ पासून बनलेल्या दुचाकींसाठी ८० सीसीपर्यंत ७५, ८० ते १७५ सीसीला ७७ आणि त्यावर ८० डेसिबल. हे आकडे गाडी कारखान्यातून निघतानाच्या चाचणीचे आहेत, चौकातल्या मोबाइल ॲपचे नाहीत.

शिक्षा मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये आहे. कलम १९०(२) ध्वनी आणि वायुप्रदूषणाच्या मानकांबद्दल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाळगायला अपात्र. कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे, आणि तसा फेरफार करणाऱ्या मालकासाठी १८२अ(४) मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. जागेवर भरायचा तडजोडीचा दंड राज्य सरकारं ठरवतात, म्हणून तो राज्यागणिक बदलतो. एकाला पावती हजाराची आणि दुसऱ्याला दहा हजारांची, हे कोडं त्यातून येतं.

२०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने बदललेल्या सायलेन्सरच्या आवाजाची स्वतःहून दखल घेतली आणि त्यावर जनहित याचिका दाखल करून घेतली. जप्त पाइप रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवण्याचे कार्यक्रम तर अनेक शहरांत होतात. फोटो झकास येतात. माझ्या मते पाइप चिरडण्यापेक्षा तो बसवून देणाऱ्याला हिशोब विचारणं जास्त कामाचं, पण त्याचा फोटो येत नाही.

मग काही नव्या कोऱ्या गाड्याच इतक्या दणदणीत कशा? त्या पास कशा होतात?

हा या पानावरचा सगळ्यात चांगला प्रश्न.

जगातल्या बऱ्याच देशांची चाचणी संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ४१ वर चालते. त्यात गाडीची ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तरावरून तीन वर्ग पाडले आहेत आणि मर्यादा अनुक्रमे ७३, ७४ आणि ७७ डेसिबल आहेत. २० मीटरची पट्टी, दोन्ही बाजूंना साडेसात मीटरवर मायक्रोफोन. गाडी पट्टीत शिरताच थ्रॉटल पूर्ण उघडायचा, असा की मायक्रोफोनच्या रेषेवर वेग ठरलेला भरावा, ताकदवान गाडीसाठी ताशी ५० किमी.

परीक्षेत कोणता धडा येणार हे आधीच माहीत असलं की विद्यार्थी काय करतो? तेच कंपन्यांनी केलं. एक्झॉस्टमध्ये मोटरवर चालणारी झडप बसवली. चाचणीच्या वेग-आरपीएमच्या टापूत ती मिटून गाडी मांजरीसारखी जाते, टापूबाहेर ती उघडते आणि वाघ होतो. गाडी कागदावर निर्दोष आणि घाटात असह्य. ही पळवाट आवळण्यासाठी नियम ४१ च्या चौथ्या मालिकेत जादा तरतुदी आल्या. ताशी २० ते ८० किमीच्या पट्ट्यात इतर गिअर-आरपीएमलाही आवाज तपासायचा. युरोपात युरो-४ या प्रदूषण मानकांबरोबर, २०१६ पासून, त्या लागू झाल्या. पळवाट अरुंद झाली, बुजली नाही. ८० च्या पुढे रस्ता तसाच मोकळा राहिला.

तेव्हा ‘माझी गाडी स्टॉक आहे’ (म्हणजे कंपनीची, काही न बदललेली) हे कायद्यापुढे उत्तम उत्तर आहे, पण शेजाऱ्यापुढे ते चालेलच असं नाही.

गाडीच्या पट्टीवर ‘९४ डीबी’ छापलंय. मर्यादा तर ७७ आहे ना?

घाबरू नका, ती दोन वेगळी मापं आहेत. पट्टीवरचा आकडा उभ्या गाडीचा. मायक्रोफोन एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशांत, गाडी न्यूट्रलला आणि इंजिन कमाल ताकदीच्या आरपीएमच्या निम्म्यावर (मुळात हळू फिरणारं इंजिन असेल तर पाऊणपटीवर). ही मर्यादा नाही, ओळखपत्र आहे. रस्त्यावर अडवल्यावर गाडी त्या आकड्याच्या फार वर गेली, तर काहीतरी छेडछाड झाली आहे एवढं कळतं.

अर्ध्या मीटरवरून साडेसातवर गेलं की अंतर पंधरापट होतं आणि नुसत्या अंतराने २३-२४ डेसिबल गळतात. म्हणून ९४ आणि ७७ एकाच गाडीवर सुखाने नांदू शकतात.

इतर देश काय करतात?

कठोर आणि गमतीदार, दोन्ही नमुने आहेत.

ऑस्ट्रियाच्या टायरोल प्रांताने २०२० च्या उन्हाळ्यात वर सांगितलेलं ओळखपत्रच हत्यार केलं. रॉइटं जिल्ह्यातल्या ठरावीक डोंगरी रस्त्यांवर, कागदपत्रांत उभ्या गाडीचा आकडा ९५ च्या वर असलेल्या मोटरसायकलींना बंदी. पाइप बदललेला असो वा नसो, तुम्ही हळू चालवा वा जोरात. कागदावर ९६ असेल तर मागे फिरा, नाहीतर २२० युरो काढा. चालवणाऱ्यांचा संताप मला समजतो, कारण हा आकडा यासाठी कधी ठरवलाच नव्हता. पण त्या दरीतल्या गावांत शनिवार-रविवार खिडकी उघडता येत नसे, तेही खोटं नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात जर्मनीच्या बुंडेसराटने, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभागृहाने, ठराव करून कडक आवाजमर्यादा आणि रविवारी-सुट्टीला गाड्यांवर बंदी घालण्याची मुभा मागितली. जुलैत म्युनिकसह अनेक शहरांत हजारो मोटरसायकलस्वार निषेधाला उतरले. आवाजाच्या तक्रारीला उत्तर म्हणून हजारो इंजिनं एकदम चालू करायची, हा डावपेच मला आजतागायत उमगलेला नाही.

फ्रान्सने यंत्र आणलं. पॅरिस भागातल्या ब्रुइपारिफ या ध्वनिमापन संस्थेने चार मायक्रोफोनचं उपकरण बनवलं. चार कान असल्यामुळे आवाज कोणत्या दिशेने आला ते कळतं, आणि कॅमेऱ्यातल्या गर्दीतून नेमकी गाडी हुडकता येते. २०२२ मध्ये पॅरिसमध्ये असं ध्वनी-रडार रस्त्यावर बसलं. दंड १३५ युरो. त्याच संस्थेचा एक अंदाज खूप गाजला. जाळी काढलेली एकच स्कूटर रात्री पॅरिस ओलांडून गेली, तर दहा हजार माणसांची झोप मोडू शकते.

अमेरिकेचं वेगळंच. १९७२ च्या ध्वनिनियंत्रण कायद्याखाली मोटरसायकलींना १९८३ पासून ८३ आणि १९८६ पासून ८० डेसिबलची मर्यादा आली, पण मोजायची १५ मीटरवरून. म्हणजे युरोपच्या दुप्पट अंतरावरून. आणि ती लागू होण्याआधीच, १९८२ मध्ये, पर्यावरण खात्याच्या ध्वनी विभागाचा निधीच बंद झाला. नियम पुस्तकात राहिला आणि राबवणारं कोणी उरलं नाही. पुढे राज्यांनी आपापलं पाहिलं. कॅलिफोर्नियात २०१३ पासून बनलेल्या गाडीच्या एक्झॉस्टवर केंद्राचा शिक्का नसला की दंड होतो. न्यूयॉर्क राज्याने २०२१ मध्ये दंडाची कमाल मर्यादा १५० वरून १,००० डॉलरवर नेली.

जपानने तर यातली टोळीसंस्कृती पाहिली. ‘बोसोझोकू’ नावाच्या तरुणांच्या टोळ्या उघड्या पाइपांनी रात्री रस्ते दणाणून सोडत. १९८२ च्या सुमारास पोलिसांच्या नोंदीत त्यांची संख्या ४२ हजारांवर होती. २००४ मध्ये कायदा आवळला, पण त्याआधीच टोळ्या ओसरायला लागल्या होत्या.

‘मोठा आवाज जीव वाचवतो’ हे खरं ना?

ही घोषणा जगभर जॅकेटांच्या पाठीवर शिवलेली दिसते. मीसुद्धा ती मनापासून मानायचो, कारण ती मला हवी होती.

एक्झॉस्टचं तोंड मागे असतं, धोका समोर असतो. कॅलिफोर्नियात हॅरी हर्ट यांच्या पथकाने शेकडो मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला, तो १९८१ मध्ये अहवालरूपाने आला. त्यात तीन-चतुर्थांशांहून जास्त धोके समोरच्या ४५-४५ अंशांच्या टापूत होते. वळणारा कारवाला समोर असतो. त्याच्या काचा बंद, आत गाणी चालू, आणि तुमचा आवाज त्याच्यापर्यंत धड पोहोचतो तो तुम्ही शेजारी आल्यावर. पोहोचला तरी दिशा कळत नाही, कारण खर्जाची दिशा ओळखणं कानाला जड जातं. हर्ट यांच्या अहवालाने भर दिला तो समोरून दिसण्यावर. हेडलाइट, उठून दिसणारे कपडे.

एक बाजू मान्य करतो. रांगेतून हळू पुढे सरकताना शेजारच्या गाडीवाल्याला तुम्ही ऐकू आलात, तर तो दार उघडायच्या आधी थबकेल. तेवढा फायदा आहे. पण तेवढ्यासाठी हॉर्न नावाची वस्तू प्रत्येक गाडीला बसवूनच येते, आणि ती चोवीस तास वाजत नाही.

पण पॉवर वाढते की नाही?

नुसता शेपटीचा पाइप बदलला तर वाढ नगण्य, कधीकधी मधल्या आरपीएमला घटच. कंपनीच्या इंजिनाचं इंधनाचं गणित, म्हणजे मॅपिंग, कंपनीच्या एक्झॉस्टच्या उलट दाबावर बेतलेलं असतं. पाइप मोकळा केला आणि मॅपिंग तसंच ठेवलं, तर मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि थ्रॉटल सोडल्यावर फटाके फुटतात. ते फटाके काही जण मुद्दाम वाजवतात. न जळलेलं पेट्रोल गरम पाइपमध्ये पेटण्याचा तो आवाज आहे, आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तेवढ्याने लवकर मरतो.

वजन मात्र खरंच घटतं. इंजिनाला जोडलेल्या बेंड पाइपपासून शेवटपर्यंत पूर्ण सिस्टीम बदलून मॅपिंग केलं, तर ताकदही वाढते. पण ती ट्रॅकवर सेकंदाच्या अंशांत दिसते. सिग्नलवर जी ‘पळतेय’ असं वाटतं, ते बहुतांशी कानाने केलेलं कौतुक असतं.

हार्लेच्या आवाजाचा ट्रेडमार्क आहे म्हणतात. खरं?

अर्ज खरा, ट्रेडमार्क नाही. कंपनीने १९९४ मध्ये अमेरिकेत आपल्या व्ही-ट्विन (‘व्ही’ आकारात दोन सिलिंडर) इंजिनाच्या आवाजासाठी अर्ज केला. प्रतिस्पर्ध्यांनी हरकती घेतल्या, आणि २००० मध्ये कंपनीने तो मागे घेतला. तो लंगडा ठेका ४५ अंशांच्या दोन सिलिंडरांतून येतो. दोन स्फोटांमधलं अंतर एकदा ३१५ अंश, एकदा ४०५. म्हणजे त्यातलं सौंदर्य तालात आहे, आवाजाच्या उंचीत नाही. तो ठेका कमी आवाजातही तितकाच ओळखू येतो, किंबहुना जास्त चांगला.

तरीही लोकांना हा आवाज इतका आवडतो का?

कारण तो चांगला लागतो. हे नाकारून कोणाचंच मन वळत नाही. मनगट अर्ध्या इंचाने फिरवलं आणि पोटाखालून गर्जना आली, यातला आनंद अगदी खरा आहे. इंजिन श्वास कसा घेतंय, गिअर कधी टाकायचा, हे चांगला चालवणारा कानाने ओळखतो. आवाज पूर्ण काढून घेतला तर गाडी अर्धी मुकी होते.

पण त्या आनंदात एक फसवणूक आहे, आणि ती मला एका संध्याकाळी कळली. एका मित्राने माझी गाडी चक्कर मारायला मागितली. मी रस्त्याच्या कडेला चावीची कॅप हातात घेऊन उभा. तो निघाला, दुसरा टाकला, पिळली. मी माझी गाडी बाहेरून कधी ऐकलीच नव्हती. वरून मला जो भारदस्त खर्ज वाटायचा, तो खाली उभा राहून ऐकला तर फाटक्या पत्र्यावर कोणी साखळी आपटतंय असा होता. शेजारच्या बाकावर एक आजोबा बसले होते. त्यांनी वर न बघता एक हात कानावर ठेवला आणि गाडी लांब जाईपर्यंत तसाच ठेवला. रोजची सवय असावी. ‘कुणाची गाडी?’ असं त्यांनी विचारलं नाही, म्हणून मी वाचलो.

चालवणारा माणूस स्वतःच्या पाइपच्या पुढे बसतो. आवाज त्याच्या मागे सांडत जातो. त्याच्या हेल्मेटमध्ये पोहोचतो तो मवाळ झालेला, वाऱ्यात मिसळलेला अर्क. म्हणून ‘इतका काही मोठा नाहीये’ असं तो म्हणतो, तेव्हा खोटं बोलत नसतो.

ट्रक, मिरवणुका, हॉर्न चालतात. फक्त आम्हीच दिसतो का?

तक्रारीत तथ्य आहे. पण सततचा आवाज आणि उसळणारा आवाज यांत फरक आहे. दूरच्या हमरस्त्याची गाज मेंदू हळूहळू मागे टाकतो. शांत रात्रीत अचानक चढत येणारा एकच पाइप त्याला मागे टाकता येत नाही, झोपेतही. जाग आली नाही तरी नाडी चढते आणि झोपेची खोली कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी रस्त्यावरच्या वाहतुकीची रात्रीची शिफारस ४५ डेसिबल ठेवली, तीही सरासरी. ट्रकवाला आवाज करतो तो माल पोहोचवताना. आपण करतो ते ऐकू यावं म्हणून. लोकांचा राग या ‘म्हणून’वर असतो, डेसिबलवर कमी.

माझ्या स्वतःच्या कानांना धोका आहे का?

आहे, पण त्यातला मोठा वाटा पाइपचा नाही, वाऱ्याचा आहे. ताशी १०० किमीला हेल्मेटच्या आतच ९५ ते १०० डेसिबलपर्यंत आवाज भरतो. कामगारांसाठीच्या अमेरिकी शिफारशीनुसार ८५ डेसिबल आठ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशोबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. लांब पल्ल्याला फोमचे इअरप्लग घाला. बाहेरचं काही ऐकू येत नाही हा गैरसमज आहे. वाऱ्याची खरखर गेली की हॉर्न उलट स्पष्ट ऐकू येतो. काही ठिकाणी चालवताना इअरप्लगवर निर्बंध आहेत, तेवढं पाहून घ्या.

शेजाऱ्याची गाडी पहाटे पाचला सुरू होते. त्याला कसं सांगू?

पहाटे पाचला सांगू नका. आणि ‘तुमचा सायलेन्सर बेकायदा आहे’ इथून सुरुवात करू नका, कारण मग विषय आवाजाचा न राहता अपमानाचा होतो. एकच ठोस मागणी करा: ‘गेटबाहेर ढकलत नेऊन कोपऱ्यावर सुरू कराल का?’ मी स्वतः हे दोन वर्षं केलंय. गाडी जड होती, आणि थंडीत ढकलताना दम लागायचा. पण खिडकीतली कुरबूर थांबली. इंजिन गरम करायला उभ्याने पाच मिनिटं रेस करायची तर मुळीच गरज नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला अर्ध्या-पाऊण मिनिटाने निघून पहिला किलोमीटर हळू चालवणं पुरतं.

ऐकलं नाही, तर तक्रार करताना मोबाइल ॲपचा आकडा जोडू नका. तो कोणी ग्राह्य धरत नाही. गाडीचा नंबर, तारीख, वेळ आणि किती वेळा घडलं याची नोंद द्या. तिचा उपयोग जास्त होतो.

इलेक्ट्रिक आल्या की हा प्रश्नच संपेल ना?

एक्झॉस्टचा संपेल. पण युरोपात २०१९ पासून नव्या मॉडेलच्या इलेक्ट्रिक कारना कमी वेगात मुद्दाम आवाज काढावा लागतो, पादचाऱ्यांना कळावं म्हणून. आणि काही इलेक्ट्रिक मोटरसायकलींना आता स्पीकरमधून इंजिनाचा आवाज देतात. कोणाला तरी तो आवाज वाढवायचं बटण सापडेलच.

पाइप बदलला नाही, तरी गाडी अचानक मोठ्याने वाजू लागली. दंड होईल?

होऊ शकतो, कारण सायलेन्सर धड स्थितीत ठेवणं हीही मालकाचीच जबाबदारी. पण बहुतेक वेळा दुरुस्ती किरकोळ असते. गाडी थंड असताना सुरू करा आणि बेंड पाइप हेडला मिळतो तिथे हात जवळ न्या. लावू नका, भाजेल. फटफट हवा हाताला लागली तर गॅस्केट गेलंय. नसेल तर खाली वाकून सायलेन्सरचं पोट बघा. पावसाळ्यानंतर पाणी साठून ते आतून गंजतं आणि नखाएवढं भोक पडतं. भोक शोधायला ओलं फडकं मागच्या तोंडावर क्षणभर दाबून धरा, जिथून फुसफुस येईल तिथे खडूने खूण करा, आणि वेल्डिंगवाल्याकडे जाताना सायलेन्सर काढूनच न्या. गाडीवर वेल्डिंग केलं तर वायरिंग आणि ईसीयू (इंजिनाचा छोटा संगणक) दोन्ही जाऊ शकतात.